शेवटचा बॉल कुणाला

आमची पलटण त्या वर्षी पंजाबातल्या एका छावणीत होती. आमचे हे हवालदार होते आणि पलटणीच्या बास्केटबॉल टीमचे कोच होते. ते स्वतः यातलं काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहून ठेवते.

फॅमिली क्वार्टरच्या मागेच कोर्ट होतं. सकाळी पीटी, मग परेड, संध्याकाळी प्रॅक्टिस. मी मागच्या खिडकीत भाजी निवडत बसायचे. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, बघणं जमतं. बघून बघून खेळ कळायला लागला.

टीमचा कॅप्टन होता नाईक दत्तू, आळे गावचा. बास्केट मारावी तर त्यानंच. सगळ्यात नवा शिपाई मिलिंद, निमगाव सावाचा. उंच आणि मुका म्हणावा इतका गप्प. रविवारी टीम आमच्याकडे जेवायची. बाकीचे हात धुऊन पळायचे, मिलिंद स्वतःचं ताट घासून पालथं घालायचा. मी नको म्हणायचे. तो मान हलवायचा आणि घासायचाच.

आमची मुलं कोर्टावर मराठीत बोलायची, म्हणजे समोरच्यांना काही कळायचं नाही. ब्रिगेडच्या फायनलला मात्र समोरच्यांना सगळं कळत होतं. यांनी मराठीत काही सांगितलं, की ते आधीच वाटेत आडवे. शेवटी यांच्या लक्षात आलं. त्यांच्या बाकावर एक साताऱ्याकडचा हवालदार बसला होता आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कोचच्या कानाला लागत होता.

खेळ संपत आला तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे होतो. बॉल आमचा होता. यांनी टाइम-आउट घेतला. आम्ही बायका जवळच्या खुर्च्यांवर होतो, मला सगळं दिसत होतं.

हे मुद्दाम मोठ्यांदा म्हणाले, "बॉल दत्तूला. दुसऱ्या कुणाला न्हाई. समजलं?"

"जी, उस्ताद."

बोलताना यांचा हात मिलिंदच्या खांद्यावर होता. प्रॅक्टिसमध्ये तसं ठरलेलं होतं. तोंडानं काहीही सांगितलं तरी हात ज्याच्या खांद्यावर, बास्केट त्यानं मारायची.

शिट्टी झाली. समोरचे दोघं दत्तूच्या अंगावर धावले. दत्तूनं बॉल मिलिंदला दिला. मिलिंदच्या आसपास कुणी नव्हतं. त्यानं नीट थांबून बॉल टाकला. बॉल रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. मॅच संपली.

रात्री बडा खाना, म्हणजे सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, झाला. मिलिंद सगळ्यांना वाढत होता, स्वतः जेवायला बसला नाही. हे म्हणाले, सकाळी बोलतो त्याच्याशी. सकाळी हलायची ऑर्डर आली आणि ते बोलणं राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात पलटण वर सरहद्दीच्या पोस्टवर होती. दुपारची वेळ. हे रेडिओ सेटजवळ होते. गस्तीवरून आवाज आला.

"फायर आला. एक कॅजुअल्टी. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव आलं. यांनी रॉजर म्हटलं आणि नाव पुढे पाठवलं. ही गोष्ट मला त्यांनी एकदाच सांगितली. वर एवढंच म्हणाले, "पोरगं तो बॉल मनात घेऊन वर गेलं."

आता आम्ही घोडेगावात राहतो. दत्तू भावजीही रिटायर झाले. आळ्याहून मोटारसायकलवर येतात, चहा होतो आणि तीच फायनल सुरू होते. माझ्या वाट्या जमिनीवर मांडतात. पितळेची वाटी दत्तू भावजी. पेले समोरचे.

"उस्ताद, बॉल मला ठेवायचा व्हता. दोघांच्या डोक्यावरनं टाकला असता मी."

"टाकला असतास. आन् गेला असता प्रेक्षकांत."

"माणूस मोकळा असला म्हंजी बॉल आपसूक आत जातो व्हय? नवं पोरगं, हात कापत असतील त्याचे."

"दोघं तुझ्यावर, तिसरा मोकळा. मोकळ्याला द्यायचा. त्यात काय चुकलं?"

"टाइम-आउट बी लई उशिरा घेतला."

"वहिनी," मग भावजी माझ्याकडे वळतात, "तुमीच सांगा. तुमी व्हता ना तिथं."

"वाट्या द्या आधी," मी म्हणते. "आमटी कशात वाढू?"

या वादात हे कधी हरत नाहीत. पण भावजी गेले की लहान वाटी हातात घेऊन बसून राहतात. त्या वाटीला हे तिसरा म्हणतात. नाव कधी घेत नाहीत.

निमगावात मिलिंदचा फोटो लावून दर वर्षी सभा होते. हे जातात, मागे उभे राहतात, फूल वाहतात आणि त्याच्या घरात पाऊल न टाकता माघारी येतात. यंदा त्याच्या आईनं, शेवंताबाईंनी, दत्तू भावजींजवळ निरोप दिला: उस्तादांना घरी आणा. हे नको म्हणाले. दोन दिवस नको म्हणाले. मी चपला घालून दारात उभी राहिले, तेव्हा उठले.

शेवंताबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "जय भीम, भाऊ. या, बसा." त्यांनी दत्तू भावजींना विचारलं, "हेच का उस्ताद?"

"हेच."

बाई यांच्याकडे बघत राहिल्या. हे अटेंशनमध्ये उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"लई दिवस इचारायचं व्हतं," बाई म्हणाल्या. "मिल्यानं फोन केला व्हता. म्हनला, आई, फायनलचा शेवटचा बॉल उस्तादांनी मला दिला. दत्तूभाऊ उभा व्हता, तरी मला दिला. अख्ख्या आळीला सांगाय लावलं मला. ते खरं का?"

दत्तू भावजींनी खाली बघत म्हटलं, "खरं हाय, मावशी. मी व्हतो, तरी त्याला दिला."

"मंग आत गेला का?"

मला वाटलं, भावजी आता हो म्हणतील. ते तोंड उघडायच्या आत हे बोलले. "न्हाई, माय. रिंगवर फिरून भाईर आला. आपण हरलो."

"आस्सं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "त्ये न्हाई सांगितलं गुलामानं." मग शेंगांचं सूप यांच्यापुढे सरकवलं. "पर दिला तर त्यालाच ना?"

हे खाली बसले. शेंगा फोडायला लागले. बराच वेळ फोडत होते आणि एकही तोंडात टाकत नव्हते. मी पदराआड डोळे पुसले. कुणी बघितलं नाही.

परतताना दत्तू भावजी आळ्याला न जाता आमच्याबरोबर घोडेगावापर्यंत आले. घरात पाय टाकताच म्हणाले, "तरी बी उस्ताद, टाइम-आउट लई उशिरा घेतला."

हे मोठ्यानं हसले. एवढं मोकळं हसणं मी क्वार्टर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. स्वतः उठून मांडणीवरच्या वाट्या आणल्या. पितळेची मधे ठेवली, दोन पेले तिला चिकटवले. लहान वाटी पुसली आणि लांब, भिंतीकडे ठेवली.

"हा मिलिंद," म्हणाले. "मोकळा."

त्या रात्री आमटी मी ताटातच वाढली.