हाना अक्काचा हात

हाना अक्काला गोंदल्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ हाय. लग्नकार्यात जमलो की माझी नणंद हातवारे करून सांगती — गोरी बाई कशी किंचाळली, कशा लाथा झाडल्या — आणि सगळे पोट धरून हसतात. मी उठून आत जाते. त्या गोष्टीतला माझा वाटा मी आजवर कुणाला सांगितलेला न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरींना न्हाई. तुम्हाला सांगते. पण ऐकताना 'बिचारी, अडाणी होती' असं तेवढं म्हणू नका. त्या शब्दानं माझं डोकं फिरतं. अडाणी त्या बाकीच्या होत्या. मला सगळं ठाऊक होतं!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निर्ण्याजवळच्या आमच्या गावात सरकारी दवाखाना होता. तिथला डॉक्टर चेक मुलखातला, यहुदी, मोठ्या लढाईच्या आधीच जीव घेऊन पळून आलेला. लढाई संपल्यावर त्याची बहीण आली, दवाखान्यात त्याच्या हाताखाली काम करू लागली. ती हाना. जेवताना अर्धी भाकरी गुपचूप झग्याच्या खिशात घालायची. आमच्या सासूबाई म्हणायच्या, काय भुक्कड बाई हाय!

तिच्या डाव्या हातावर निळे आकडे होते. आमच्याकडं गोंदण पोरीपणीच होतं — तुळस, पाळणा, विंचू. म्हणून मी सहज विचारलं, "अक्का, फूल न्हाई, पान न्हाई, नुसते आकडेच कामून?"

तिनं सांगितलं. दवाखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदुस्तानीत, थांबत थांबत. जर्मन शिपायांनी तिला, आईला आणि धाकट्या बहिणीला रेल्वेत कोंबून एका छावणीत नेलं. तिथं माणसं विषारी धुरानं मारत होते. आई त्याच दिवशी गेली. ह्या दोघी बहिणी ओळीत एकीमागं एक उभ्या होत्या, म्हणून दोघींच्या हातावर लागोपाठचे आकडे आले. बहीण ईवा थंडीत तापानं मेली. कबर न्हाई, फोटो न्हाई, काही न्हाई. डॉक्टर म्हणाला होता, ते कातडं कापून काढतो. ही न्हाई म्हणाली. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणाली, "इसके बाद मेरी ईवा है." आणि कुणाला सांगू नको, म्हणून शपथ घातली.

शपथ होती म्हणून मी गप्प राहिले — असं सांगायची सोय हाय मला. खोटं हाय ते. शपथ कुणाला आठवत होती त्या दिवशी?

गावात उठलं होतं की हा तुरुंगातला नंबर, बाई चोर असणार. तिच्याकडं जाते म्हणून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं पंचमीचा झोकाही आम्ही आतल्या अंगणात बांधला. सणाच्या आदल्या दिवशी गोंदणारी बाई येणार होती. सासूबाईंनी मला जवळ बसवलं, हातावर लाडू ठेवला. म्हणाल्या, "नंदा, सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, गोंदणच तेवढं संगं येतंय. कैद्याचा नंबर घेऊन वर जाणार व्हय ती? वरनं वेल काढून झाकून टाकू. पुण्य लागंल. तू बोलीव तिला, तुझं ऐकती."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. माझ्या तोंडात एक वाक्य होतं — आत्याबाई, ती तिच्या मेलेल्या बहिणीची खूण हाय. बस्स, एवढंच. सासूबाई रडल्या असत्या ते ऐकून, मला माहीत हाय. मी लाडू खाल्ला. थू माझ्या जिनगानीवर!

मी तिला बांगड्या भरायला बोलावलं. तिच्या बापाचा काचेच्या बांगड्यांचा कारखाना होता, तिकडच्या बांगड्या लढाईआधी आमच्या बाजारात यायच्या. बांगड्या म्हटलं की तिचा चेहरा फुलायचा. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर बोलावलं तसं. आली बिचारी हसत. उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, आणि मग गोंदणारीनं सुया काढल्या.

आमच्यात पोर गोंदताना रडतीच. बाया तिला दाबून धरतात, गाणी म्हणतात, चेष्टा करतात. ते रडणं कुणी रडणं धरत न्हाई. हानाचंही धरलं न्हाई. नणंद तिच्या पायांवर बसली, दुसरीनं खांदे दाबले. मनगट माझ्या हातात होतं.

"नंदा, इनों कू बोल ना!" ती ओरडली. "तू बोल ना!"

मी हसले. खरंच हसले हो. म्हणाले, "थोडंच दुखतंय अक्का, गप पड."

त्यावर ती एकदम गप्प झाली. अंग सैल सोडलं, डोळे उघडेच. बाया म्हणाल्या, बघा, समजलं तिला. ती कुठं जाऊन पोचली होती, ते त्या अंगणात एकटीला मला ठाऊक होतं. तरी मी हात सोडला न्हाई.

हळद लावली, ओटी भरली, घरी धाडलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून मला पहिल्यासारखं वागवलं. पुढं माझं पोरगं तापलं, तर हाना आली. मनगटापर्यंत बाह्यांची बटणं लावलेली. औषध दिलं, कसं पाजायचं ते सांगितलं, पोराच्या कपाळावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलं न्हाई. लवकरच फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि बहीणभाऊ कुठं तरी निघून गेले. निरोपाला अख्खं गाव गेलं होतं. मी गेले न्हाई.

वेल मात्र देखणी उठली होती. गोंदणारी म्हणाली, मोठ्या बाईच्या हातावर एवढी सरळ रेघ कधी येत न्हाई, बाया हात हलवतात, हिचा जरासुद्धा हलला न्हाई. कसा हलणार? मी धरला होता.