नाशिकला छापलेली सहा तिकिटं

दीक्षितपुऱ्यात एका रेल्वे कारकुनाच्या माडीवर आम्ही दर रविवारी टपाल तिकिटं घेऊन बसत असू. बहुतेक जण संरक्षण कारखान्यांतले. पासष्टच्या लढाईपर्यंत तिथे मान होता तो एकरंगी तिकिटांना: संत, पुढारी, बारीक रेघांत कोरलेले चेहरे. भिंगाखाली छपाईतला एखादा दोष सापडला की रविवार सार्थकी लागे. लढाईनंतर जवान, विमान आणि जहाज असलेलं तिकीट निघालं आणि आवड पालटली. चेहरे अदलाबदलीतही कोणी घेईना.

त्याच हिवाळ्यात आम्ही माडीवर प्रदर्शन भरवलं. मांडणी माझ्याकडे होती. आमच्यातले सर्वांत जुने संग्राहक कारखान्यात तोफेचे गोळे तपासत; सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी सहा तिकिटं लावली: इंग्रज राजाचा चेहरा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘पाकिस्तान’. फाळणीनंतर तिकडची स्वतःची तिकिटं निघेपर्यंत ही चालली होती.

उद्घाटनाला आमच्या कारखान्याचे मोठे साहेब येणार होते.

“काका, लाहोरला पत्र टाकून राहिले का?” कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

“ही आपल्या नाशिकला छापली आहेत,” काका म्हणाले. “अन् दिवसभर गोळे कोण तपासून राहिलं? मीच ना?”

“अच्छा, पण साहेबांना काय सांगायचं?” मी म्हणालो. “आजच्यापुरती काढा.”

“काहून काढू?”

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. मी स्वतःच तिकिटं ओढून काढली. काकांनी ती त्याच सकाळी लावली होती. तिकिटं कागदाला धरून ठेवणाऱ्या मागच्या गोंदपट्ट्या अजून ओल्या होत्या. ओली पट्टी ओढू नये, वाळू द्यावी, हे आम्ही नवशिक्याला पहिल्याच रविवारी सांगत असू. सहाही तिकिटांच्या पाठीचा पापुद्रा कागदाला चिकटून राहिला. तो कागद मी घडी करून खिशात घातला.

काकांनी एक तिकीट खिडकीपाशी धरलं. राजाच्या कपाळातून उजेड दिसत होता.

साहेब जवानांच्या तिकिटांपुढे बराच वेळ रमले. मग काकांच्या रिकाम्या चौकटीपाशी थांबले.

“ये खाली क्यों है?”

“जी, वो आए नहीं,” मी म्हणालो.

काका दोन हातांवर उभे होते. साहेबांना नमस्कार करून ते जिना उतरले. पुढे कारखान्याच्या फाटकात आमची रोज गाठ पडे. तिकिटांचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही.