दहा लाख एक

मी अमरावतीकडची. पुण्यात कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघाले तेव्हा शिकायला आले आणि गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे खोली घेऊन राहिले. बाईंच्या दारावर पाटी होती: 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. काम महत्त्वाचे असले तरीही.'

वर्ष सरलं. बाबांनी पत्रात लिहिलं, या महिन्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सामान बांध. महिन्यातली एकच मुलाखत उरली होती. तिथं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणायला सांगितलं होतं. माझा प्रोग्रॅम कुठल्याही संख्येला भागणारी सगळ्यात लहान मूळ संख्या शोधायचा. आदल्या दिवशी सकाळी बुधवार पेठेतल्या क्लासात मी ऐटीत त्याला दहा लाख एक हा आकडा घातला. उत्तर आलं, सात.

जेवताना बाईंना सांगितलं. त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"सात? सहा वेळा नऊ लिहून बघ, त्याला सातने पुरता भाग जातो. दहा लाख एक त्याच्या दोनच पुढे. मग बाकी दोन उरणार की नाही? तुझं मशीन शाळेत गेलेलं दिसत नाही."

असा राग आला मला! मशीन कुठं चुकतं का? डाव्या हाताने कागद ओढला आणि भागाकार केला. बाकी दोन. बाप्पा! तशीच क्लासकडे पळाले.

सर म्हणाले, "संख्येला दिलेला डबा लहान पडला. बत्तीस हजारांच्या वरचं त्यात मावत नाही. मशीन मग भलताच आकडा धरून भागत बसतं आणि तोंडातून ब्र काढत नाही."

मोठा डबा दिला. आता उत्तर आलं, एकशे एक. पण ते तरी खरं कशावरून? दुधानं तोंड पोळलं होतं, आता मी ताकही फुंकणार होते.

चारला घरी आले तर बाई टेबलाशी बसलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात भिंग, समोर जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान. दोनपासून ओळीनं सव्वीस मूळ संख्यांनी भागलं होतं. पंचवीस वेळा बाकी उरली होती.

"एकशे एक," बाई म्हणाल्या. "तुझं मशीन काय म्हणतंय?"

"तेच."

"शिकेल हळूहळू."

मला रडूच फुटलं. ती पाटी लावणारी बाई माझ्यासाठी दुपारभर झोपली नव्हती.

मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं, उत्तर बरोबर कशावरून? मी कॅलेंडरचं पान उलगडलं. स्क्रीनपेक्षा त्या पानाकडेच ते जास्त वेळ बघत राहिले. हे कुणी केलं, म्हणाले. मी म्हटलं, आमच्या बाईंनी. नोकरी तिथल्या तिथं मिळाली.

दोनला घरी पोचले. आनंद पोटात मावत नव्हता, पण बेलला हात लावला नाही. आज तरी त्यांची झोप मोडायची नाही म्हणून चार वाजेपर्यंत जिन्यात बसून राहिले.

चारला दार उघडलं.

"इथं काय बसलीस? एक वाजल्यापासून बेलकडे कान लावून बसलेय मी!"