जोडीतला दुसरा

कुंड्यांना गेरू लावला की त्याचा वास हाताला राहतो आणि मला धुळ्यातली भाड्याची खोली आठवते. नोकरी नवी होती आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी बसस्टँडवरून हिंदी कॉमिक्स आणायचो आणि त्यातल्या वीरांच्या बाहुल्या कधी निघाल्या तर आधी कुठली घ्यायची, ते ठरवत पडून राहायचो. तशा बाहुल्या तेव्हा कुणी बनवतच नव्हतं. पोळा जवळ आला तशी गल्लीच्या टोकाला एक कुंभारीण अक्का मातीचे बैल रंगवत बसू लागली. मी लाजतच तिच्यापुढे कॉमिक्सचं मुखपृष्ठ धरलं आणि असा एक करून देशील का, म्हणून विचारलं. ती हसली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलो तर बैलांच्या रांगेत माझा वीर उभा होता, आणि त्याच्या शेजारी हुबेहूब तसाच दुसरा. दोघांच्या पाठीवरच्या कापडाला तिने बैलाच्या झुलीसारखी नक्षी काढली होती. मी म्हटलं, ‘‘अक्का, मी एकच सांगितला होता.’’ ती म्हणाली, ‘‘एकला कसा दिऊ भाऊ? पोळाले जोडीच लागस. एक तुले, एक तुना दोस्तले.’’ मी मान डोलावली, आणि खोलीवर येऊन दोघांनाही खिडकीत ठेवलं. आता तसे वीर खोक्यांतून मिळतात. मी दोन घेतो. ‘‘दुसरा गिफ्ट पॅक करू का?’’ दुकानातली मुलगी विचारते. मी हो म्हणतो, आणि घरी येऊन तो चमचमता कागद मीच सोडवतो.