उंचमावशींच्या दारावरचा कागद

पाळणाघरातली मुलं त्यांना उंचमावशी म्हणायची. त्या होत्याच तशा. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना त्यांना मान वाकवावी लागायची. आम्ही आईबाप नुसतं मावशी म्हणायचो.

त्यांचं आयुष्य कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरण्यात गेलं. दुकान बंद पडलं तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे, दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणाची रजा संपली, सासूबाई आजारी, आणि हातात सहा महिन्यांचा मुलगा. एका सकाळी मी त्यांच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

"दोन दिवस बघते," त्या म्हणाल्या. "मग दुसरी सोय बघ हं, सिस्टर."

दुसरी सोय मी कधी बघितलीच नाही. माझं बघून शेजारची आली, तिचं बघून तिची जाऊ आली. दोन वर्षांत मावशींच्या दोन खोल्यांत बारा छोट्या खाटा आणि हाताखाली दोन मदतनीस बाया.

मुलं सांभाळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुठलं मूल भुकेनं रडतंय आणि कुठलं लाडानं, ते त्या पाठमोऱ्या ओळखायच्या. पण पैशांचं नाव काढलं की उंचमावशी एकदम बुटक्या व्हायच्या. "किती द्यायचे?" विचारलं की "द्या काय ते" म्हणून दुसरीकडे बघायच्या. त्यामुळे कोणी जास्त द्यायचं, कोणी कमी, कोणी विसरायचं. जागेचंही तेच. फोन आला की "हो" म्हणायच्या. बोलण्यात पटाईत लोकांनी महिनाभराची खाट अडवून ठेवायची आणि मूल आणायचं चार दिवस.

एकदा कोपऱ्यावरची भाजीवाली आपल्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी विचारायला आली. मावशींनी वही बघितली आणि जागा नाही म्हणून सांगितलं. चार दिवसांनी त्या भाजी आणायला गेल्या, तर गाड्यामागे फ्लॉवरच्या लाकडी खोक्यात, पोत्यावर, ती मुलगी झोपलेली. खोक्याच्या कडेला एक खिळा वर आलेला, तिच्या कपाळापासून बोटभर अंतरावर. मावशींनी आधी दगडानं तो खिळा ठोकला. मग भाजी न घेताच परत आल्या.

संध्याकाळी मी मुलाला न्यायला गेले तर पायरीवर बसल्या होत्या.

"मी खोटं बोलले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "वहीत जागा नव्हती. घरात मात्र आज तीन खाटा रिकाम्या होत्या."

त्या रविवारी त्यांनी सगळ्या आईबापांना बोलावलं. मोठ्या खुर्च्या नव्हत्याच, म्हणून आम्ही मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. आमच्यात एक हिशेबनीस होता. तो म्हणाला, "मावशी, सोपं आहे. दर दुप्पट करा, गर्दी आपोआप कमी होईल."

"होईल," मावशी म्हणाल्या. "पण कोणाची?"

दुसरं कोणी म्हणालं, ज्याचा पगार जास्त त्याच्याकडून जास्त घ्या. मावशींनी मान हलवली. "मी कोणाच्या पगाराची चिठ्ठी बघणार नाही. पोराला दूध पाजताना ती माझ्या डोळ्यांसमोर येईल."

मग त्यांनी स्वतःच सगळं उघड सांगितलं. भाडं, दूध, साबण, वीज. दोघी बायांना त्यांनी आधीच विचारलं होतं, किती मिळालं तर संध्याकाळचं दुसरं काम सोडता येईल. तो पगार, स्वतःचा पगार, आणि भागिले बारा. जो आकडा आला तो सगळ्यांना सारखा. पंचवीस वर्षं कापड मोजलेल्या बाईनं ना बोटभर जास्त घेतलं, ना बोटभर कमी.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला. यायचं नसेल तर आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा, त्या दिवसाचे अर्धेच पैसे लागतील. न कळवता राहिलात तर पूर्ण. मुलाला ताप असेल तर काहीच नाही. पैसे फुकट जातील म्हणून तापलेलं मूल कोणी आणू नये. न्यायला उशीर झाला तर जास्तीचे पैसे मावशींना नाही, थांबलेल्या बाईच्या हातात, तिच्या तोंडाकडे बघून द्यायचे. बारावी खाट कोणासाठीच राखायची नाही. रोज सकाळी जो आधी येईल त्याची. आणि खाली प्रतीक्षेतल्यांची नावं, तारखेनुसार.

बाराव्या खाटेवर पहिल्याच सकाळी भाजीवालीची मुलगी झोपली.

पहिला दणका मलाच बसला. एकदा माझी ड्यूटी बदलली, मी मुलाला घरीच ठेवलं आणि कळवायचं विसरले. महिन्याअखेरीस त्या दिवसाचे पूर्ण पैसे लावलेले. मी तणतणत खाली गेले.

"मावशी, मी तुमची पहिली! माझ्यामुळे हे सगळं सुरू झालं!"

"म्हणून तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला सोडलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तीन दिवस मी नवऱ्याला पाठवलं, स्वतः गेले नाही. चौथ्या दिवशी मदतनीस बाईनं सहज सांगितलं, की त्या दिवशी एक बाई तासभर मुलाला कडेवर घेऊन दारात उभी होती. माझी खाट रिकामी होती, पण मी कधीही येईन म्हणून तिला परत जावं लागलं. पैसे देताना माझी मान वर होईना. मावशींनी सुटे परत दिले आणि चहा टाकला.

खरी कसोटी घरमालकांनी घेतली. त्यांना नातवासाठी जागा हवी होती. कागदावर नाव चौथं लागलं, तर ते थेट आत आले.

"माझ्याच जागेत माझ्या नातवाला जागा नाही?"

"आहे ना. चौथी."

"भाडं वाढवू शकतो मी, माहीत आहे ना?"

"वाढवा. नंबर तोच राहील."

त्यांची सून मागेच उभी होती. ती पुढे येऊन म्हणाली, "मावशी, तोवर बाराव्या खाटेसाठी मी सकाळी लवकर येत जाऊ का?" आणि खरंच येत राहिली. सासरेबुवांनी मात्र शब्द पाळला. वर्षअखेरीस भाडं वाढलं, मावशींनी कारण लिहून सगळ्यांचा दर तेवढाच वाढवला, आणि दोन कुटुंबं सोडून गेली. त्यातल्या एका मुलाचा मावशींना फार लळा होता. ते सोडून गेलं त्या दुपारी त्याच्या खाटेची चादर त्यांनी स्वतःच धुतली. पण कागद बदलला नाही.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा पाळणाघर त्यांनी त्या दोघी बायांच्या स्वाधीन केलं आणि स्वतः शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहू लागल्या. नव्या आईबापांच्या बैठकीला गेल्या, तर सगळ्यांनी शनिवारी बंद ठेवायचं ठरवलं. मावशींनी विरोध केला, एकटीनं. घरी येऊन मला फोन लावला.

"हरले गं, सिस्टर."

"वाईट वाटलं?"

"थोडंसं. पण मला कुणी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालं नाही. हात वर करून हरवलं." मग त्या मोठ्यानं हसल्या. "आणि मेल्यांनी मला बसायला पण तीच छोटी खुर्ची दिली. उठवायला तिघी लागल्या!"