शैलावहिनींचा डावा खांदा

"शैला गेली..." दादाचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टला एस-बान लोकलमध्ये उभा होतो. आजार परतलाय हे ठाऊक होतं, तरी वहिनी त्याला पुन्हा हाकलून लावतील असं वाटत होतं. भेटायला आलेले म्हणत, त्यांनी सगळं शांतपणे स्वीकारलं. साफ खोटं! माझ्या या भावजयीनं शांतपणे काहीच स्वीकारलं नाही.

वहिनींची नोकरी लुडविग्सहाफेनला, रसायन कंपनीत केमिस्टची; घर मात्र जंगलाच्या कडेला, द्राक्षमळ्यांच्या गावात. रानडुकरं मळे उकरायची. शेजारचा मळेवाला शिकारीला निघायचा, त्याच्यामागून याही जाऊ लागल्या आणि पन्नाशीत परीक्षा देऊन यागडशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, घेऊन आल्या. पुण्याहून आईनं अबोला धरला. दादा म्हणाला, "घरात बंदूक येणार नाही." वहिनी म्हणाल्या, "अहो, घरात कुठं, कपाटात येणार आहे."

मग कॅन्सर. उजव्या बाजूचं ऑपरेशन, रेडिएशन... उजव्या खांद्याला बंदुकीचा धक्का सोसेना. शिकारीच्या गटाच्या म्होरक्यानं मायेनंच सुचवलं, आता तुम्ही जेवणाचं बघा. "म्हणजे मी सूप ढवळू? डावा खांदा आहे की अजून!" डावखुऱ्यांसाठीच्या बंदुका परवडेनात, म्हणून त्यांनी एक जुनी लिव्हरवाली शोधली. खालची कडी पुढं ढकलून मागं ओढली की पुढची गोळी चढते. हात कुठलाही चालतो. पण ती होती कुणा धिप्पाड माणसाच्या मापाची. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता आखूड करायला कारागिरानं सांगितलेला आकडा ऐकून वहिनींनी मला फोन लावला. "भाऊजी, इंजिनिअर ना तुम्ही? शनिवारी करवत घेऊन या."

केलरमध्ये, म्हणजे तळघरात, आम्ही सुटा केलेला दस्ता शिकंज्यात धरला. मी कापला, वहिनींनी पॉलिशपेपरनं घासला. मागं धक्का झेलणारी रबरी गादी बसवली. कडीनं बोटं सोलवटायची, म्हणून तिच्यावर चामड्याची पट्टी गुंडाळली. ती दादाच्या पट्ट्याची होती, हे त्याला पँट सावरताना कळलं.

मोठ्या शिकारीआधी नेमबाजीचा दाखला लागतो. पळत्या डुकराच्या चित्रावर डाव्या खांद्यानं नेम धरायचा... वहिनी नापास झाल्या. परतताना गाडीत मी म्हटलं, "वहिनी, पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष तुम्ही बघा. दस्ता अजून बोटभर लांब आहे."

पुन्हा कापला. पुन्हा गेल्या, पास झाल्या. त्या हिवाळ्यात त्यांनी डुक्कर पाडलं. रिवाजाप्रमाणे म्होरक्यानं रक्त लावलेली फरच्या झाडाची डहाळी त्यांच्यापुढं धरली. ती टोपीत खोवत वहिनींनी विचारलं, "आल्झो, तर मग आज सूप कुणी केलंय?"

त्यानंतर दोनच हिवाळे मिळाले. दुसऱ्यात त्या चालून दमायच्या, तरी गेल्या.

आता बंदूक दादाच्या नावावर व्हायची होती. परवाना नसलेल्या वारसाला ती ठेवायची तर नळीत कायमचं कुलूप बसवावं लागतं. बंदुकांचा दुकानदार म्हणाला, विकूनच टाका, मी नेहमीच्या मापाचा दस्ता लावून देतो. दादा जर्मनमध्ये एवढंच म्हणाला, "नाइन." नाही. कुलूप बसवून घेतलं, शस्त्रनोंदणीच्या कचेरीत मी बरोबर होतो. तिथल्या बाईंनी कागदांवरून नजर उचलली. "चालणारसुद्धा नाही अशी बंदूक कशाला ठेवता?"

दादाला जर्मन बोलताना नेहमी शब्द शोधावे लागतात. त्या दिवशी लागले नाहीत.

"माझ्या बायकोच्या मापाची आहे ती."