खिंडीतली मोजणी

आधीच सांगते, मी लंडनमध्ये हॅरोजवळच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. सासूबाईंनी मुलीची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या की मी मुकाट्याने किचनमधला स्मोक अलार्म बंद करून येते... माझा भुताखेतांच्या विषयाशी संबंध एवढाच. त्यामुळे "तुम्हीसुद्धा?" असं विचारणार असाल तर हो, मीसुद्धा. इतकी वर्षं कोणाला बोलले नाही, कारण वर्गात न्यूटन शिकवायचा आणि घरी हे सांगायचं, लोक काय म्हणतील?

२००६ सालचं ऑक्टोबरचं हाफ-टर्म, म्हणजे शाळेची मधली आठवड्याची सुट्टी. मी, माझा नवरा मिलिंद आणि त्याचा मावसभाऊ समीर असे तिघे लूटनहून विमानाने फ्रान्सला, नीसला गेलो. समीर तेव्हा ग्लासगोला डॉक्टर होता. नीसहून किनाऱ्याने इटलीकडे निघालं की मँतों हे गाव लागतं आणि त्याच्या पाठीमागे डोंगर समुद्रापासूनच सरळ वर चढत जातात. तिथल्या खिंडी सायकलने आणि सायकल चालणार नाही तिथे पायी पालथ्या घालायच्या, हे मिलिंदचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. बाकीच्यांचे नवरे बीचवर आडवे होतात. आमच्या नशिबात चढ. मागच्या बाजूच्या एका लहान गावात खोल्या घेऊन आम्ही रोज एक खिंड करत होतो.

मिलिंद पुण्याचा, सह्याद्रीत भटकून मोठा झालेला. त्यांच्या ट्रेकिंग ग्रुपची एक शिस्त होती. वाट वळली किंवा धुकं उतरलं की पुढच्याने "एक" अशी हाळी द्यायची, त्याच्या मागच्याने "दोन", मग "तीन"... शेवटचा आकडा आला की सगळे आहेत. नाही आला तर कोणी पाऊल पुढे टाकायचं नाही. शेवटच्या माणसाला मागे सोडून यायचं नाही, हा मिलिंदचा धर्मच म्हणा ना. तिथेही आमचं तेच चालू होतं. मिलिंद एक, मी दोन, समीर तीन. समीरचं "तीन" भाजीवाल्यासारखं लांबवलेलं असायचं. फ्रेंच सायकलवाले माना वळवून बघायचे आणि मी ओळख नसल्यासारखं करायचे.

मग एके दिवशी समीरचा गुडघा सुजला. "तुम्ही दोघं जा, वहिनी. मी बर्फ लावून पडतो," म्हणाला. आम्ही दोघंच निघालो.

त्या खिंडीचं नाव मुद्दाम देत नाही. एका बाजूने डांबरी रस्ता वर येतो. माथ्यावर छप्पर उडालेली एक दगडी खोली आहे आणि तिथून दुसऱ्या बाजूला खेचरांची जुनी वाट आमच्या गावाकडे उतरते. आम्ही वर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. खाली समुद्र दिसत होता. फॉइलमधली थालीपिठं खाल्ली, फोटो काढले आणि सायकली हातात धरून उतरायला लागलो. दहा-पंधरा मिनिटांत समुद्राकडून धुकं वर आलं. बघता बघता सायकलच्या पुढच्या चाकापलीकडचं दिसेना.

वाट एका माणसापुरती. डावीकडे कड्याची भिंत, उजवीकडे खाली झुडपांचा उतार. मिलिंद पुढे होता, दिसत नव्हता, त्याच्या चाकाची टकटक तेवढी ऐकू यायची.

पुढून "एक" आलं. मी "दोन" म्हटलं. मागून "तीऽऽन" आलं.

मी चालत राहिले. डोक्यात सोमवारी द्यायच्या टेस्ट पेपरचा विचार होता. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. एक, दोन, तीन. तिसऱ्यांदा "तीऽऽन" आलं तेव्हा माझ्या मनात आलं, चला, गुडघा बरा दिसतोय समीरचा.

आणि मग मला कळलं. हात ब्रेकवर तसेच आवळलेले राहिले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला सांगू.

मी मिलिंदला नावाने हाका मारल्या. तो सायकल पुढेच टेकवून परत आला. मी सांगितलं, मागून समीर "तीन" म्हणतोय. तो हसेल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात ते पुन्हा आलं आणि ते आम्ही दोघांनी ऐकलं. समीरचाच आवाज. पण आता तो मागून नव्हता. उजवीकडून, उताराच्या खालून येत होता.

मिलिंदने त्याला नावाने हाक मारली, उत्तर नाही. मोबाईलला रेंज नाही. मिलिंद म्हणाला, पेनकिलर घेऊन आला असणार मागून, येडाच आहे तो, आणि धुक्यात घसरला असणार. मी त्याच्या जॅकेटची बाही धरली. समीर असता तर नावाला ओ दिली असती, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते.

"मग काय शेवटच्या माणसाला सोडून जाऊ?" एवढं बोलून त्याने बाही सोडवली आणि झुडपं धरत तो खाली उतरला. दोन पावलांत दिसेनासा झाला.

मी तिथे एकटी उभी राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, लेबर रूममध्येसुद्धा नाही. हा माणूस आता परत येत नाही, असं आतून कोणीतरी सांगत होतं.

खालून "एक" आलं. मिलिंदच्या आवाजात.

सवयीने माझी जीभ हललीसुद्धा. का कोण जाणे, मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग खालून आवाज आला, "दोन."

तो माझा आवाज होता. आमच्या आन्सरिंग मशीनवर तोच आहे, मी ओळखणार नाही का? त्यामागोमाग "तीऽऽन". तिन्ही आवाज एकाच जागेवरून आले होते, आणि ती जागा खूप खाली होती.

मग मिलिंद खरोखरीचा बोलला. "आलो गं, थांब तिथेच." पण त्याचा आवाज माझ्यापासून लांब चालला होता. तो माझ्या आवाजाच्या मागे खाली निघाला होता.

मी ओरडले, मिलिंद, मी वर आहे. खालून लगेच "दोन". मी पुन्हा ओरडले, पुन्हा "दोन". त्या बिचाऱ्याने कोणती बायको खरी मानायची? तेवढ्यात एक लक्षात आलं. त्याला, म्हणजे जे काय होतं त्याला, आकड्यांपलीकडे काही बोलता येत नव्हतं.

मग मी भांडायला लागले. हसू नका. मला त्या क्षणी दुसरं काही न थांबता बोलताच येत नव्हतं. बॉयलरवाल्याला फोन करतो म्हणून तीन आठवडे केला नाहीस. शेजारच्यांच्या कुंपणाचं कबूल करून बसलास आणि रोज तोंड मला द्यावं लागतं. तुझ्या आईला लंडन दाखवायचं ठरवलंस आणि सुट्टी मी काढायची. लग्नात तुझ्या काकांनी... सगळं काढलं, श्वास न घेता, रडत रडत. मध्ये मध्ये खालून "दोन" येत होतं. मी आवाज चढवत होते.

बऱ्याच वेळाने दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग झुडूप हललं आणि मिलिंद हातापायांवर चढत वाटेवर आला. तळहात सोलपटले होते. मी त्याला धरून जमिनीवरच बसले. तो एवढंच म्हणाला, "हाक खालून येत होती आणि भांडण वरून. मला भांडण खरं वाटलं."

गावापर्यंत आम्ही एकमेकांचा हात सोडला नाही आणि बोलणं थांबवलं नाही. समीर पलंगावर होता, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी. घरमालकीण म्हणाली, दिवसभर हललेला नाही, जेवणही तिनेच नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. गावातून त्या वाटेकडे पाहिलं तर झुडपांचा पट्टा अगदीच अरुंद दिसत होता. त्याखाली सरळ तुटलेला कडा, थेट नदीच्या पात्रापर्यंत.

मी सगळं करून पाहिलंय. प्रतिध्वनी म्हणावा तर आधी कोणीतरी "तीन" म्हणायला हवं. विरळ हवेचा भास म्हणावा तर खिंड तेवढी उंच नाही. आणि दोघांना एकच भास? आता आमची मुलगी बरोबर असते. इकडे लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत धुकं आलं की आम्ही आकडे म्हणत नाही, अखंड बडबड करतो. मैत्रिणी म्हणतात, हे कुटुंब डोंगरात जाऊनही भांडतं.

हा अनुभव इथवर लिहून झाला आणि पाठवण्याआधी मी मिलिंदला वाचायला दिला. काही चुकलं असेल तर सांग म्हटलं. त्याने ते दोनदा वाचलं. तोवर चहा निवला.

मग म्हणाला, "एक चुकलंय. त्या उतारावर मी 'एक' म्हणालोच नव्हतो. खाली गेल्यावर नाही आणि त्याआधीही नाही. दोघंच होतो गं आपण, दोघांत कसली मोजणी? तूच मागून मधूनच 'दोन' म्हणत होतीस. मला वाटलं, समीर नाही म्हणून चेष्टा चाललीये."

पुढून येणारं "एक" तू ऐकलंस का, असं मी त्याला विचारलं. नाही म्हणाला.

म्हणजे आधीचे सगळे दिवस त्या डोंगरांत मिलिंद आणि समीर ओरडत होते, आणि मीही, आणि ते कोणीतरी ऐकून ठेवत होतं. त्या दिवशी धुक्यात मला कोणीतरी "एक" म्हणून विचारलं, आणि मी तीन वेळा ओ दिली. ती मिलिंदला नव्हती. कोणाला होती, ते मला माहीत नाही. माझा आवाज अजून तिथे असेल तर तो ऐकायला मी जाणार नाही.